मॅडॉक्सने ऐकलेला टॉर्पेडो

4 ऑगस्ट 1964. उत्तर व्हिएतनामलगतच्या टॉन्किनच्या आखातात मिट्ट काळोख, खवळलेला समुद्र आणि गस्तीवर अमेरिकेच्या दोन विनाशिका, ‘मॅडॉक्स’ आणि ‘टर्नर जॉय’. दोनच दिवसांपूर्वी उत्तर व्हिएतनामच्या, टॉर्पेडो (पाण्याखालून धावणारा बॉम्ब) सोडणाऱ्या तीन बोटींनी मॅडॉक्सवर भरदिवसा हल्ला केला होता. तो हल्ला खरा होता. त्यामुळे आता सगळ्यांचेच कान टवकारलेले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागायला एवढं पुरे.

सोनारवर बसलेला खलाशी ओरडला, ‘टॉर्पेडो!’

हा सोनार दागिने घडवणारा नव्हे, पाण्याखालचे आवाज टिपणारा. टॉर्पेडोचा पंखा पाणी कापत येतो, त्याची घरघर त्यात ऐकू येते. गंमत अशी, की जहाज भरवेगात झटकन वळलं तर त्याच्या स्वतःच्याच पंख्याचा आवाज सुकाणूच्या पात्यावर आपटून परततो आणि थेट टॉर्पेडोसारखा भासतो. मॅडॉक्सवर नेमकं तेच चाललं होतं. टॉर्पेडो चुकवायला जहाज वळवायचं, वळल्यामुळे नवा ‘टॉर्पेडो’ ऐकू यायचा, म्हणून पुन्हा वळायचं. असे वीसच्या वर टॉर्पेडो मोजले गेले. टर्नर जॉयच्या सोनारला मात्र एकही ऐकू आला नाही.

रडारनेही फसवलं. समुद्रालगत दमट हवेचा थर आणि त्यावर कोरडी हवा असली, की रडारच्या लहरी वाकतात आणि पडद्यावर नसलेल्या बोटी उमटतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं ना, त्याचीच ही चुलत भावंडं. त्या ठिपक्यांवर दोन्ही जहाजांनी शेकडो तोफगोळे डागले. साप साप म्हणून भुई धोपटणं!

गस्तीचे प्रमुख कॅप्टन जॉन हेरिक यांच्या काही तासांतच लक्षात आलं. विचित्र हवामान आणि अतिउत्साही सोनारवाले यांचा हा परिणाम असावा, पूर्ण तपासणी होईपर्यंत पुढचं पाऊल उचलू नये, अशी तार त्यांनी धाडली. नंतर मात्र त्यांनी सूर थोडा बदलला: सुरुवातीला दबा धरून केलेला हल्ला खरा होता म्हणे.

वॉशिंग्टनला तेवढं पुरलं. त्यात पकडलेले व्हिएतनामी संदेश चुकीचे वाचले गेले. 2 तारखेला मार खाल्लेल्या बोटी ओढून नेण्याची ती बोलणी होती, हल्ल्याची नव्हे. नोव्हेंबरमध्ये निवडणूक, समोर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सनना मवाळ म्हणून हिणवणारे प्रतिस्पर्धी उमेदवार गोल्डवॉटर. वॉशिंग्टनचं घड्याळ टॉन्किनच्या बरंच मागे; तिथल्या 4 ऑगस्टच्या रात्री 11.36 वाजता जॉन्सन टीव्हीवर आले आणि प्रतिहल्ल्याची घोषणा केली. मला यंत्रांपेक्षा ही घाई जास्त खुपते. हेरिक यांची शंका जॉन्सन सरकारपर्यंत त्या दिवशी दुपारीच पोचली होती.

7 ऑगस्टला संसदेने त्यांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली: कनिष्ठ सभागृहात 416 विरुद्ध 0, सिनेटमध्ये 88 विरुद्ध 2. तेव्हा व्हिएतनाममध्ये सुमारे 20 हजार अमेरिकी सैनिक होते. 1968 मध्ये 5 लाखांहून जास्त.

1995 साली माजी संरक्षणमंत्री मॅक्नमारा हनोईला गेले. 4 ऑगस्टला काय झालं होतं, असं त्यांनी युद्धकाळातले उत्तर व्हिएतनामचे संरक्षणमंत्री जनरल जाप यांना विचारलं. उत्तर आलं, काहीच नाही.