साडेतीन सीसीचं इंजिन: नायट्रो कारच्या देखभालीमागचा इतिहास

जुनी लुना किंवा स्कूटर ज्याने स्वतः खोलली आहे, त्याने आरसी कारचं, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाडीचं, नायट्रो इंजिन (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या मिश्रणावर चालणारं) पहिल्यांदा उघडलं की त्याला दोन गोष्टी खटकतात. पिस्टनवर रिंग नसते आणि ठिणगी पाडणारी कॉइल कुठेच सापडत नाही. बाकी मामला ओळखीचा असतो. हे इंजिन बांधताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गोष्टी का नाहीत, हे माहीत नसल्यामुळे होतात.

या टू-स्ट्रोक इंजिनाची मूळ रचना इंग्लंडमधल्या बाथच्या जोसेफ डे यांची, १८९१च्या पेटंटमधली. क्रँककेसलाच पंप बनवायचं आणि इंधनाची वाफ तिथूनच वर ढकलायची. त्यामुळे बेअरिंगला आणि कनेक्टिंग रॉडला तेल मिळतं ते फक्त इंधनातून. इंधन कमी पडलं, म्हणजे इंजिन ‘लीन’ झालं, की तेलही कमी पडतं.

१९३०च्या दशकात अमेरिकेत हौशी मॉडेल विमानांसाठी छोटी इंजिनं विकली जाऊ लागली, ती ठिणगीवर चालणारी होती. कॉइल, कंडेन्सर आणि बॅटरी यांचं वजन इवल्याशा विमानाला झेपेना. १९४७ साली रे आर्डेन यांनी ग्लो प्लग बाजारात आणला आणि हे सारं ओझं एका फटक्यात उतरलं. प्लगमध्ये प्लॅटिनमच्या मिश्रधातूची बारीक तार असते. सुरू करताना दीड व्होल्टने ती तापवायची आणि इंजिन धरलं की बॅटरी काढून घ्यायची. मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमवर आपोआप जळत राहते आणि पुढे तार स्वतःच लाल राहते. मला ही युक्ती आजही थक्क करते. मात्र टायमिंग फिरवायला काही उरलं नाही. इंजिन कधी पेट घेणार ते प्लगची जात, कॉम्प्रेशन, नायट्रोचं प्रमाण आणि नीडल (इंधन किती जायचं ते ठरवणारी कार्ब्युरेटरची सुई) मिळून ठरवतात.

मिथेनॉलबरोबर त्याचे दुर्गुणही आले. ते हवेतलं पाणी ओढतं. टाकीत इंधन ठेवून गाडी पावसाळाभर कोपऱ्यात पडली, तर मागचं मोठं बेअरिंग गंजणार हे नक्की. म्हणून दिवस संपताना टाकी रिकामी करायची, उरलंसुरलं इंधन जाळून टाकायचं आणि कार्ब्युरेटरमधून तेलाचे काही थेंब सोडून फ्लायव्हील फिरवायचं. बेअरिंग खरखरायला लागलं असेल तर ठोकाठोकी नको. मोकळी क्रँककेस ओव्हनमध्ये तापवली की ॲल्युमिनियम फुगतं आणि लाकडावर हलकेच आपटताच बेअरिंग बाहेर पडतं.

वंगणासाठी सुरुवातीपासून एरंडेल. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची रोटरी इंजिनंही त्यावरच चालत. प्रचंड उष्णतेतही त्याचा थर टिकतो, पण वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते डिंकासारखं चिकटतं. जुनं इंजिन फिरत नसेल तर ते ‘जाम झालं’ म्हणून टाकून देऊ नका, आणि पुल स्टार्टरची दोरीही हिसकू नका. हीट गनने गरम करा, तेल सोडा आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू हलवा.

रिंगची गोष्ट १९६०च्या दशकातली. स्पर्धेच्या विमान-इंजिनांत तेव्हा ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेल्या पितळेची स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो ती नळी, आली. स्लीव्ह वर किंचित निमुळती असते. थंड असताना पिस्टन वर गेला की अडकतो. इंजिन तापल्यावर पितळ जास्त फुगतं आणि फिटिंग बरोबर बसतं. म्हणजे हे इंजिन गरम स्थितीसाठीच घडवलेलं आहे. रिंगच्या इंजिनासारखं थंड, भरपूर इंधनावर रखडवत ‘रनिंग-इन’ केलं, म्हणजे नवं इंजिन रुळवलं, तर वरची पकड झिजते. आधी हेअर ड्रायरने हेड गरम करावं. थांबवल्यावर पिस्टन खाली आणून ठेवावा. त्यासाठी फ्लायव्हीलवर एक खूण करून ठेवली की काम सोपं होतं. पकड गेली की बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायची सोय इथे नाही. पिस्टन आणि स्लीव्ह जोडीनेच बदलायचे.

एक्झॉस्टच्या ट्यून्ड पाइपची, म्हणजे मोजूनमापून घडवलेल्या आणि ताकद वाढवणाऱ्या नळीची, वंशावळ मोटारसायकलींशी जुळते. पूर्व जर्मनीच्या एमझेड या मोटारसायकल कंपनीत वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात त्याचं शास्त्र पक्कं केलं. १९६१ साली त्यांचा रेसर अर्न्स्ट डेग्नर पळून सुझुकीकडे गेला आणि ते ज्ञानही तिकडे गेलं. छोट्या इंजिनांत हा पाइप १९६६च्या मॉडेल विमान स्पर्धांत गाजला.

पुढे ही इंजिनं आरसी गाड्यांत बसू लागली. विमानाच्या पंख्याचा वारा गेला, म्हणून हेडवर मोठ्या फिन्स आल्या. क्लच आला आणि आयडलिंगसाठी वेगळी नीडल आली. आकाशात कधी न भेटलेली धूळ मात्र तोंडाशीच आली. विमानाचं इंजिन फिल्टरशिवाय उडतं, गाडीचं तसं चालवलं तर स्लीव्ह बघता बघता घासली जाते. तेलात भिजवलेला फोम फिल्टर बारकाईने सांभाळा. माझ्या मते देखभालीतलं पहिलं काम तेच.

२०२१पासून युरोपीय संघात १६ टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं इंधन सामान्य ग्राहकाला मोकळेपणी मिळत नाही. स्फोटकांच्या कच्च्या मालावरच्या नियमांत ते अडकलं. कमी नायट्रोवर तेच इंजिन नीट चालवायचं तर कॉम्प्रेशन थोडं वाढवावं लागतं. त्यासाठी हेडखालची एखादी शिम (पातळ चकती) काढायची आणि नीडल पुन्हा लावायची.