संस्थानची रयत ते भारताचे नागरिक: एकाच नागरिकत्वाची पार्श्वभूमी

बडोद्यात कुणी ‘मुलाला दुहेरी नागरिकत्व मिळालं’ असं सांगितलं, की समजायचं त्याचं ओसीआय कार्ड (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) आलं. दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत हाच शब्द चालतो. कायद्यात मात्र असं काही नाही. कार्डधारकाला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. तो परदेशी नागरिकच, फक्त व्हिसाची कटकट सुटलेला. दुहेरी नागरिकत्वाला हा नकार कुठून आला, ते पाहायला संस्थानी काळापर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा मुंबई इलाख्यातला माणूस ब्रिटिश प्रजाजन असे. बडोदेकर गायकवाड सरकारची रयत; ब्रिटिश कायद्याच्या भाषेत ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’. राज्यही कसं, तर बडोदं, नवसारी, कडी, अमरेली असं विखुरलेलं. हद्द ओलांडल्याशिवाय या टोकाचं त्या टोकाला जाणं नाही. २८ एप्रिल १९४७ रोजी घटना समितीत जाऊन बसलेल्या पहिल्या मोजक्या संस्थानांत बडोदं होतं. १ मे १९४९ला ते मुंबई राज्यात विलीन झालं. संस्थान गेलं, पण ‘भारताचा नागरिक कोण’ हे सांगणारा कायदा अजून व्हायचाच होता.

तो प्रश्न घटना समितीत १० ऑगस्ट १९४९ला आला. मसुदा समितीला इतका डोकेदुखीचा अनुच्छेद दुसरा एखादाच असेल, अशी कबुली डॉ. आंबेडकरांनी दिली. बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकून १९१७ साली ते इथे नोकरीला आले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी सराईत ओळख लपवून राहावं लागलं आणि तिथूनही हाकललं गेलं. त्यांच्याच मसुद्यात नागरिकत्वाची पहिली अट ‘अधिवास’, म्हणजे कायमचं वास्तव्य, ही असावी, याची गंमत वाटावी की लाज, हे बडोदेकरांनीच ठरवावं.

डोकेदुखी होती फाळणीची. माणसं दोन्हीकडून येत होती. काही गेलेली परतत होती. पाकिस्तानातून १९ जुलै १९४८पूर्वी आलेल्यांना एक नियम, नंतर आलेल्यांना नोंदणीची अट. अशा वेळी दोन देशांचं नागरिकत्व मान्य करणं म्हणजे सीमा अर्धवट आखण्यासारखंच होतं. म्हणून अनुच्छेद ९: ज्यानं आपणहून परदेशाचं नागरिकत्व घेतलं, तो भारताचा नागरिक नाही. नागरिकत्वाचे हे अनुच्छेद २६ नोव्हेंबर १९४९लाच लागू झाले, राज्यघटनेच्या बहुतांश भागाच्या दोन महिने आधी. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानं तोच नियम पुढे चालवला. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की तोच निर्णायक पुरावा, हा त्याखालचा नियम सर्वोच्च न्यायालयानं १९६२ साली उचलून धरला.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे आपल्या शेजाऱ्यांपुढेही हाच पेच उभा राहिला. बडोद्याला लागून असलेल्या चरोतरातले कितीतरी पटेल पूर्व आफ्रिकेत स्थायिक झालेले. १२ डिसेंबर १९६३ला केनिया स्वतंत्र झाला, त्यानंही दुहेरी नागरिकत्व नाकारलं आणि नोंदणीसाठी दोन वर्षांची मुदत दिली. बऱ्याच जणांनी ब्रिटिश पासपोर्टच सांभाळून ठेवला. त्यांच्या दृष्टीनं तो हिशेब शहाणपणाचा होता. १९६८ साली ब्रिटननं घाईघाईनं कायदा करून याच पासपोर्टवाल्यांची वाट अडवली. १९७२मध्ये युगांडात इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघायला सांगितलं. नव्या राष्ट्राला एकनिष्ठा हवी होती, जुन्या साम्राज्याला जबाबदारी नको होती. मधल्या मध्ये चेपली गेली दुकानदाराची तीन पिढ्यांची घडी.

नागरिकत्व कायद्याच्या २००३च्या दुरुस्तीनं परदेशस्थांसाठी ओसीआयची जी सोय केली, तिच्या इंग्रजी नावातच ‘सिटिझन’ हा शब्द घातला. बोलण्यातला घोटाळा तिथूनच सुरू झाला. सुरुवातीला ती सोळा देशांपुरती होती. २००५मध्ये पाकिस्तान आणि बांगलादेश वगळून इतरांना खुली झाली. पण एके काळी भारतीय पासपोर्ट असलेल्याला या कार्डासाठी अर्ज करताना, तो पासपोर्ट परत केल्याचा दाखला आधी जोडावा लागतो.