गाडीशी फोन जोडताना दिसणारे ते सहा आकडे

'ब्लूटूथ लागत नाही' या एकाच तक्रारीमागे निदान तीन वेगळे बिघाड असू शकतात. कधी फोन आणि गाडीची ओळखच झालेली नसते. कधी ओळख झालेली असते, पण दोघांपैकी एकाकडे साठवलेली त्या ओळखीची सांकेतिक किल्ली पुसली गेलेली असते. आणि बऱ्याचदा या दोन्ही गोष्टी ठीक असतात, फोन जोडलेलाही असतो, फक्त नकाशाचा आवाज ज्या वाटेने यायला हवा ती वाट बंद असते. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणूनच ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करण्याचा घरोघरचा उपाय कधी लागू पडतो, तर कधी दहा वेळा करूनही उपयोग होत नाही.

पहिली ओळख, म्हणजे पेअरिंग, गाडी उभी असतानाच करून घ्यावी. पुष्कळ गाड्यांत चाकं फिरू लागली की नवा फोन जोडण्याचा पर्यायच बंद होतो, आणि ते योग्यच आहे. इग्निशन 'ऑन'वर ठेवा. नुसत्या 'एसीसी'वर (इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओसारखी उपकरणं चालतात ती जागा) काही गाड्या बॅटरी वाचवायला थोड्या वेळाने स्क्रीन बंद करतात आणि काम अर्धवट राहतं. गाडीच्या सेटिंगमध्ये 'फोन' किंवा 'ब्लूटूथ' उघडून 'नवीन डिव्हाइस जोडा' निवडा. मग फोनवर ब्लूटूथच्या सेटिंगचं पान उघडा आणि ते उघडंच ठेवा. इथेच बरेच जण अडकतात. अँड्रॉइड असो वा आयफोन, अनोळखी उपकरणाला फोन दिसतो तो हे पान समोर असेपर्यंतच. पान बंद करून गाडीच्या स्क्रीनकडे पाहत बसलात, तर गाडीला फोन सापडणार नाही.

शोधायला दहा-बारा सेकंद लागतात, त्यालाही कारण आहे. ब्लूटूथ २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं. संगीत आणि कॉलसाठी वापरलं जाणारं मूळ ब्लूटूथ या पट्ट्याचे ७९ भाग करतं आणि सेकंदाला १६०० वेळा एका भागातून दुसऱ्या भागात उडी मारतं. जोडलेल्या दोन उपकरणांना उड्यांचा क्रम माहीत असतो. अनोळखी उपकरणांना तो माहीत नसतो, त्यामुळे एक ठिकठिकाणी हाक मारत राहतं आणि दुसरं ऐकत असलेल्या जागी ती हाक पोचेपर्यंत वेळ जातो. मधेच 'रद्द' दाबून पुन्हा सुरू केलं तर शोध पहिल्यापासून सुरू होतो. पुण्यात हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या पार्किंगमध्ये यादीत पाच-सहा नावं येतील आणि त्यांतली दोन एकाच मॉडेलच्या फोनची असतील, म्हणून फोनला आधीच वेगळं नाव देऊन ठेवलेलं बरं.

मग दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे येतात. बहुतेक जण न बघता 'ओके' करतात. ते आकडे काय सांगत असतात हे समजून घेण्यासारखं आहे.

त्या क्षणी फोन आणि गाडी दोघंही प्रत्येकी दोन किल्ल्या तयार करतात, एक उघड आणि एक खाजगी. उघड किल्ली हवेतून एकमेकांना पाठवली जाते आणि ती कुणीही ऐकू शकतो. आपली खाजगी आणि समोरच्याची उघड किल्ली घेऊन दोन्ही बाजू गणित करतात आणि दोघांचं उत्तर एकच येतं. नुसत्या उघड किल्ल्या ऐकणाऱ्याला ते उत्तर काढता येत नाही. या गणितात एकच फट राहते. समजा, शेजारच्या गाडीतलं तिसरंच यंत्र मधे शिरलं आणि फोनला 'मी गाडी' व गाडीला 'मी फोन' असं सांगू लागलं, तर? अशा वेळी दोन्हीकडच्या किल्ल्यांच्या जोड्या वेगळ्या होतात. सहा आकडे त्या जोड्यांवरून आणि दोन यादृच्छिक संख्यांवरून काढलेले असतात, त्यामुळे मधे कुणी असेल तर ते जुळत नाहीत. योगायोगाने जुळण्याची शक्यता दहा लाखांत एक. म्हणजे हे आकडे लपवायचा पासवर्ड नाहीत. ते कुणी पाहिले तरी बिघडत नाही, मात्र दोन्हीकडचे आपण ताडून पाहायलाच हवेत.

ही पद्धत ब्लूटूथच्या २००७ च्या २.१ आवृत्तीपासून आली. त्याआधी चार आकडी पिन असे, बहुतेक वेळा ०००० किंवा १२३४. तेल अवीवमधल्या संशोधकांनी २००५ साली दाखवून दिलं, की पेअरिंगचे संदेश टिपून घेतले तर साध्या संगणकावर असा पिन सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी वेळात शोधता येतो. नाना पेठेतून बसवून घेतलेला एखादा जुना स्टिरिओ अजूनही पिन मागत असेल तर पेअरिंग गर्दीच्या जागी न करता मोकळ्या ठिकाणी करावं. स्क्रीनच नसलेली लायटरच्या खाचेत बसणारी उपकरणं आकडे न दाखवताच जोडली जातात, म्हणजे मधल्या तिसऱ्याला ओळखण्याची सोय त्यांत नसते.

ओळख पटली की १२८ बिटांची एक गुप्त किल्ली दोन्हीकडे साठवली जाते. पुढे रोज सकाळी गाडी सुरू केल्यावर होतं ते पेअरिंग नव्हे, तर नुसतं कनेक्शन. किल्ली आपल्याकडे आहे हे दोघं एकमेकांना पटवतात, किल्ली हवेत न पाठवता. आता फोन रीसेट केला, गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट झालं किंवा कुणीतरी एका बाजूने 'फर्गेट' केलं, तर एकाकडची किल्ली जाते. दुसऱ्याच्या यादीत मात्र नाव पूर्वीसारखंच 'पेअर्ड' दिसत राहतं. कनेक्ट होतंय असं वाटतं आणि लगेच तुटतं. इथे बंद-चालू करण्यात काही अर्थ नाही. गाडीच्या यादीतून फोन काढा, फोनच्या यादीतून गाडी काढा, दोन्ही एकदा रीस्टार्ट करा आणि पहिल्यापासून पेअरिंग करा. एका बाजूने काढून भागत नाही. गाडीची यादी भरलेली असेल तरीही नवा फोन नाकारला जातो, अशा वेळी जुना एखादा फोन पुसावा लागतो.

तिसरा बिघाड सगळ्यांत जास्त छळतो. ब्लूटूथ म्हणजे एकच नळी नव्हे. कॉलची वाट वेगळी, संगीताची वेगळी, फोनबुकाची वेगळी, मेसेजची वेगळी, इंटरनेटची वेगळी. अँड्रॉइडमध्ये गाडीच्या नावाशेजारच्या चक्रावर दाबलं की 'फोन कॉल', 'मीडिया ऑडिओ', 'कॉन्टॅक्ट्स' ही बटणं दिसतात. कॉल येतात पण गाणी वाजत नाहीत, याचं उत्तर बहुधा तिथेच असतं. पेअरिंग करताना कॉन्टॅक्ट्सची परवानगी नाकारली असेल तर कॉल लागतील, पण स्क्रीनवर नावाऐवजी नंबर येईल. डॅशबोर्डवर चिकटवायचं स्वतंत्र नेव्हिगेशन यंत्र फोनच्या इंटरनेटवरून वाहतुकीची माहिती घेत असेल, तर फोनमधलं 'ब्लूटूथ टेदरिंग' वेगळं चालू करावं लागतं. नुसतं कनेक्ट झाल्याने कोंडी दिसत नाही.

नकाशाच्या सूचना सहसा संगीताच्या वाटेने जातात. गाडीवर एफएम लावलेलं असेल तर फोन इमानेइतबारे आवाज पाठवत राहतो, पण गाडी ती वाट ऐकतच नसते. स्टिरिओचा सोर्स 'ब्लूटूथ' करा. रेडिओच ऐकायचा असेल तर नकाशाच्या अ‍ॅपमध्ये ब्लूटूथवरून आवाज देण्याचा पर्याय बंद करा, म्हणजे सूचना फोनच्याच स्पीकरमधून येतील.

आवाज येतो पण सुरुवात गिळली जाते, हा प्रकार मराठीत सूचना ऐकणाऱ्यांना जास्त जाचतो. शांतता असताना संगीताची वाट झोपी जाते. सूचना सुरू झाली की ती उघडायला आणि गाडीचा ॲम्प्लिफायर जागा व्हायला सेकंदाचा काही भाग जातो, आणि तेवढ्यात 'डावीकडे वळा' यातला पहिला उच्चार हरवतो. उरतं ते 'वीकडे वळा', आणि 'उजवीकडे वळा' यातलंही उरतं ते तेच. चांदणी चौकात रॅम्पचा फाटा समोर असताना एवढी कसर पुरेशी होते. त्याच फोनवरून अगदी हळू आवाजात गाणी चालू ठेवली तर वाट उघडी राहते, अ‍ॅप सूचनेपुरता गाण्याचा आवाज खाली आणतं आणि शब्द पूर्ण ऐकू येतो. तरीही वळण स्क्रीनवरच्या बाणावरूनच ठरवावं. कॉल चालू असताना संगीताची वाट थांबते, म्हणून 'कॉलदरम्यान सूचना' हा पर्याय सेटिंगमध्ये तपासून ठेवा. कॉलच्या वाटेवरचा आवाज पातळ वाटला तर तो बिघाड नव्हे. जुन्या पद्धतीत तिथे आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात, नव्यात १६०००, तर संगीताला साधारणपणे ४४१००.

वायरलेस अँड्रॉइड ऑटो आणि कारप्लेत नकाशा गाडीच्या स्क्रीनवर दिसतो. तो ब्लूटूथवरून येतो असा समज सार्वत्रिक आहे. मूळ ब्लूटूथचा कमाल वेग सेकंदाला ३ मेगाबिट, तोही कागदावर. हलत्या नकाशाला तो पुरत नाही. ब्लूटूथ इथे फक्त ओळख करून देतं आणि गाडीच्या वाय-फायचं नाव व पासवर्ड फोनला सांगतं. चित्र वाय-फायवरून जातं, बहुधा ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातून. त्यामुळे ब्लूटूथ जोडलेलं दिसतं आणि नकाशा मात्र येत नाही, तेव्हा फोनचं वाय-फाय बंद आहे का ते पहा. हॉटस्पॉट चालू असेल तर बंद करा. ऑफिसच्या कामासाठी फोनवर व्हीपीएन चालू राहिला असेल तर तोही अनेकदा आड येतो.

आपण कुठे आहोत हे कळण्याचा ब्लूटूथशी काही संबंध नाही. ती माहिती उपग्रहांकडून येते, सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून. कामशेतच्या बोगद्यात किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बाण अडकला तर पेअरिंग मोडू नका. उघड्यावर आल्यावर तो आपोआप जागेवर येतो. एकावर एक असलेल्या रस्त्यांवर, उदाहरणार्थ नळ स्टॉपच्या पुलावर, आपण वर आहोत की खाली हे नकाशाला नीट कळत नाही, त्यातही दोष ब्लूटूथचा नसतो.

गाणं तुटक वाजत असेल तर गाडीतलं वाय-फाय शोधा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून विनापरवाना खुला आहे आणि त्यात वाय-फायही आहे. ब्लूटूथ २००३ पासून गजबजलेले भाग टाळून उड्या मारायला शिकलं, तेव्हा शेजारच्या गाडीने सहसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आपल्याच फोनच्या हॉटस्पॉटने, कारण पुष्कळ फोनमध्ये दोघांना एकाच अँटेनावर आळीपाळीने काम करावं लागतं. मागच्या सीटवर मुलं हॉटस्पॉटवर व्हिडिओ पाहत असतील तर हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर न्या. गाडीतल्या मूळ उपकरणांच्या विद्युतचुंबकीय चाचण्या, म्हणजे ती एकमेकांच्या लहरींत अडथळा आणत नाहीत ना याच्या, झालेल्या असतात, अशा चाचण्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतही होतात. नंतर खोचलेल्या स्वस्त चार्जरची गोष्ट वेगळी. शंका आली तर तो काढून पाहणं हीच सोपी परीक्षा. सूचना मधेच थांबत असतील तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये नकाशाच्या अ‍ॅपवरचं बंधन काढा, तिथे दोष ब्लूटूथचा नसतो.

नावं देवनागरीत साठवणाऱ्यांना काही गाड्यांत 'आई'च्या जागी दोन चौकोन दिसतात. फोन अक्षरं बरोबर पाठवतो, गाडीच्या फाँटमध्ये ती नसतात. कुठे फाँट असतो पण अक्षरजुळणीची सोय नसते. मग 'किरण'मधली वेलांटी 'क'च्या पलीकडे जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. फोनवर याला उपाय नाही. गाडीच्या कंपनीच्या अपडेटमध्ये भारतीय लिप्या आल्या तरच ते सुधारतं. तोवर नेहमीचे पाच-सहा नंबर रोमनमध्ये साठवणं भाग पडतं, याचं वाईट वाटतं. पुण्याच्या परिसरात इतक्या गाड्या तयार होतात, त्यांच्या स्क्रीनला मराठी वाचता यायला हवी.

फोनच्या ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटरचा. पहिल्या मजल्यावरच्या घराखालीच गाडी उभी असेल आणि कुणी ती सुरू केली, तर वर तुमच्या हातातला चालू कॉल खाली गाडीत जाऊ शकतो. कॉलच्या स्क्रीनवर स्पीकरचं चिन्ह दाबून 'फोन' निवडला की तो परत येतो. घरातले दोन फोन जोडलेले असतील तर गाडीच्या सेटिंगमध्ये पसंतीक्रम लावून ठेवावा.

गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना क्रम महत्त्वाचा. आधी गाडीच्या यादीतून फोन काढा. कारण फोनबुक आणि कॉलची यादी गाडीच्या मेमरीत उतरलेली असू शकते आणि फोनवरून 'फर्गेट' केल्याने ती पुसली जात नाही. नंतर सिस्टीम फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे नकाशात साठवलेला घरचा पत्ताही जाईल. मग एकदा गाडीचं फोनबुक उघडून ते रिकामं आहे ना हे पहा, आणि शेवटी फोनमधून गाडीचं नाव काढा.