बॅरल की तरफ? ब्रेक-बॅरल एअर रायफलमधल्या फेरफारांची पार्श्वभूमी

छर्र्याची बंदूक भरायची रीत ठरलेली आहे. दस्ता मांडीला टेकवायचा, बॅरल टोकाशी धरून खाली ओढायची, ‘खट्’ झालं की उघड्या तोंडात अंगठ्याने छर्रा बसवायचा आणि बॅरल मिटायची. म्हणजे छर्रा ज्या नळीतून जातो, तीच नळी स्प्रिंग दाबणारी तरफही असते. या बॅरलमध्ये आजवर जे बदल झाले, त्यातले बहुतेक या दुहेरी कामातूनच आले आहेत.

जर्मनीतल्या रास्टाट गावी १८९० साली मायर आणि ग्रामेलश्पाखर यांची कंपनी सुरू झाली. तिचीच पुढे ‘डायना’ झाली. त्यांच्या बोधचिन्हात शिकारीची देवी धनुष्य टाकून देऊन एअर रायफल उंचावते. बिजागरीवर खाली मोडणाऱ्या बॅरलची ही ‘ब्रेक-बॅरल’ रचना स्वस्त आणि सुटसुटीत होती, पण बिजागरीत किंचित खेळ आला तरी नेम हलतो हे नेमबाजांच्या लवकर लक्षात आलं. बर्मिंगहॅमच्या लिंकन जेफ्रीज यांनी तर बॅरल मोडायचीच नाही असं ठरवलं. ती जागच्या जागी घट्ट, आणि स्प्रिंग ओढायला खाली वेगळी दांडी. या रचनेवर बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स (बीएसए) कंपनीने १९०५ पासून रायफली काढल्या.

जर्मनांनी मात्र बिजागरी सोडली नाही, तिलाच सुधारलं. वाइराउख कंपनीच्या एचडब्ल्यू ३५ रायफलीला बॅरल मिटल्यावर घट्ट धरणारी कडी होती. वाल्थरच्या एलजीव्हीत अशाच कडीबरोबर जाड, जड बॅरल आली. डायनाने हवा दाबणारे दोन पिस्टन एकमेकांविरुद्ध चालवून बार उडताना बसणारा धक्काच नाहीसा केला, आणि तोही मोडणाऱ्या बॅरलच्या रायफलीत! मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. तरीही १९६०च्या दशकात फाइनवर्कबाउ कंपनीच्या, बाजूच्या दांडीवर चालणाऱ्या, स्थिर बॅरलच्या रायफलींनी मैदान मारलं. १९८४ला १० मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली, तोवर मोडणारी बॅरल स्पर्धेतून जवळपास बाहेर पडली होती.

ती उरली ती हौशी नेमबाजांकडे, आणि हौशी माणूस हत्यार आहे तसं ठेवत नाही. बॅरल आखूड करायचा मोह त्यातलाच. स्प्रिंगच्या बंदुकीत हवेचा जोर क्षणात संपतो, त्यामुळे फार लांब बॅरलने वेग वाढत नाही हे खरंच. पण तरफ लहान होते त्याचं काय? ढोबळ हिशेबाने बिजागरीपासून ४० सेंटिमीटरवर धरायची बॅरल ३० वर आणली, तर ओढायला सुमारे तिसरा हिस्सा जोर जास्त लागतो. म्हणूनच आखूड बॅरलच्या रायफलींवर पुढे पोकळ नळकांडं बसवलेलं दिसतं. दिसायला ते भारी असतं, पण त्याचं मुख्य काम हाताला पकड देणं हेच.

तोंडाची कड हा आणखी नाजूक भाग. कापलेली बॅरल तोंडाशी काटकोनात आणि गुळगुळीत नसेल, तर छर्र्याच्या मागची हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा ढळतो. नेम बिघडला की लोक इथेच हात घालतात. खरा दोष पुष्कळदा मागच्या टोकाला, सांध्यातून हवा निसटू न देणाऱ्या सीलमध्ये असतो. सांध्यावर पातळ कागदाची पट्टी धरून बार काढावा. पट्टी फडफडली तर हवा तिथून निसटते आहे, बॅरलचा काही दोष नाही.

आपल्याकडे हा नाद मुरला त्यात मुंबईच्या इंडियन ह्यूम पाइपचा वाटा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९२६ साली उभी केलेली ही सिमेंटच्या पाइपांची कंपनी एअर रायफलीही बनवत असे, आणि तिची ‘नॅशनल’ पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत फिरली. त्या जुन्या रायफलींना नवी बॅरल लावताना बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, बघणं भाग आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा बोअर किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल तर परवाना लागतो. ५.५ मिलिमीटरची बॅरल चढवली, की घरातली बिनपरवान्याची बंदूक त्याच क्षणी परवान्याच्या कक्षेत जाते.