सेप्टिक टाकीसाठी जमिनीची पारख

सेप्टिक टाकीसाठी जमिनीची पारख : भूमिगत गटारे नसलेल्या ठिकाणी घराचे सांडपाणी घराच्याच आवारात जिरवता येईल का, आणि येत असल्यास कुठे, किती खोलीवर व किती जागेत, हे बांधकामाआधी ठरवण्याची पद्धत. टाकी कशी बांधायची हे बहुतेक गवंड्यांना ठाऊक असते. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा प्रश्न मात्र अनेकदा जोते झाल्यावर निघतो. तोवर घर, विहीर, कुंपण यांच्या जागा ठरलेल्या असतात आणि शोषखड्डा (टाकीतले पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा) उरलेल्या कोपऱ्यात ढकलला जातो.

टाकीत गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधले पाणी पुढे वाहते. ते निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. खरी सफाई होते ती मातीत. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा खेळती असेल, तर पाणी सावकाश झिरपताना जंतू अडकतात आणि मरतात. पोकळ्या आधीच पाण्याने भरलेल्या असतील, तर सांडपाणी न गाळताच भूजलात मिसळते. म्हणून शोषखड्ड्याचा तळ आणि भूजलाची पातळी यांच्यामध्ये न भिजलेल्या मातीचा थर हवा.

ही पातळी कोणत्या महिन्यातली धरायची, इथे बहुतेक चुका होतात. कोकणात जागा बघायला येणारा मुंबई-पुण्याचा माणूस बहुधा उन्हाळ्यात येतो. तेव्हा विहिरीचे पाणी पार तळाला गेलेले असते. ऑगस्टमध्ये त्याच विहिरीत हात घालून कळशी भरता येते. सेप्टिक टाक्यांविषयीच्या भारतीय मानक २४७० च्या दुसऱ्या भागात (१९८५) भूजल जमिनीखाली १८० सेंमीच्या आत आहे की त्याहून खोल, यावरच पद्धतीची निवड ठरते. ही पातळी भर पावसाळ्यातली धरावी. पावसाळ्यात जाणे जमले नाही, तर विहिरीच्या आतल्या दगडांवर पाण्याच्या चढ-उताराच्या खुणा पाहाव्यात, शेजाऱ्यांना विचारावे आणि पुरुषभर खोल खड्डा खणून मातीचा छेद तपासावा. राखाडी मातीत गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, तर त्या थरात वर्षातला काही काळ पाणी साचते असे समजावे, मग खणताना तो कितीही कोरडा असो. लव्हाळा माजलेली जागाही हेच सांगते.

यानंतर पाणी मुरण्याची चाचणी. ती १९२६ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन या अभियंत्याने रूढ केली. भारतीय मानकातली पद्धत त्याच धर्तीची आहे. चर (टाकीतले पाणी पसरून जिरवणारी लांबट खाच) ज्या खोलीवर घ्यायचा, तेवढा खोल आणि १० ते ३० सेंमी रुंद खड्डा घेतात. पहारीने किंवा कुदळीने खणताना चिकण मातीच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि त्यांतून पाणी शिरत नाही. म्हणून त्या खरवडून घ्यायच्या, सुटी माती काढायची, तळाशी ५ सेंमी बारीक खडी घालायची. खडीवर ३० सेंमी पाणी भरून ते रात्रभर मुरू द्यायचे. दुसऱ्या दिवशी पाणी १५ सेंमीवर आणून ते अर्ध्या तासात किती उतरते ते मोजतात. सकाळी खड्डा रिकामा सापडला, तर दर अर्ध्या तासाने पाणी भरत चार तास मोजणी करतात आणि शेवटचा अर्धा तास हिशेबात धरतात. पाणी २५ मिमी उतरायला लागणारी मिनिटे म्हणजे मुरण्याचा दर. तो ३० मिनिटांपर्यंत असला तर शोषखड्डा किंवा चर चालतो, ३० ते ६० मध्ये चरच घ्यावा लागतो, आणि ६० च्या पुढे जमिनीत जिरवण्याचा नाद सोडावा.

रात्रभर भिजवण्याची पायरी घाईत गाळली जाते. काळ्या मातीत तिच्यावाचून चाचणीला अर्थ नाही. ही माती भिजली की फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. एप्रिलमध्ये भेगाळलेल्या रानात बादलीभर पाणी ओता, बघता बघता गडप होईल. तीच जमीन श्रावणात पाणी जिरवायचे नाव घेत नाही, आणि शोषखड्डा उलटा वाहू लागतो. काळ्या मातीखाली मुरूम लागला तर थोडी आशा असते. मात्र मुरमाखालचा कातळ किती जवळ आहे, हे पाहूनच.

जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाची, गोष्ट उलटी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात सड्यावर (जांभ्याच्या सपाट माळावर) पाणी झटपट उतरते आणि ‘जमीन चांगली पिते’ म्हणून मालक खूश होतो. पण जांभ्यात भोके आणि पोकळ्या असतात, भेगाळलेल्या काळ्या कातळात फटी असतात. पाणी त्यांतून गाळले न जाता दूरवर पोचते. अशा खडकात जमिनीत पाणी जिरवण्याची शिफारस मानक करत नाही. किनाऱ्यावरची पुळणही (वाळूची जमीन) पाणी भराभर पिते, आणि तिथे भूजल हाताशीच असते. तेव्हा पाणी फार लवकर मुरणे हाही जमिनीचा दोषच मानावा.

अंतरांचे नियम सोपे वाटतात. शोषखड्डा किंवा चर पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर हवा. पण १८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे १० गुंठे. दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर स्वतःची विहीर असली तर शोषखड्ड्याला जागाच उरत नाही. नसली तरी शेजाऱ्याच्या विहिरीचे वर्तुळ आपल्या कुंपणाच्या आत येते. नकाशावर फक्त आपलीच हद्द काढून उपयोग नाही.

जागेचा हिशेबही डोळे उघडणारा आहे. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी धरले, तर पाच माणसांचे ५४० लिटर होते. मुरण्याचा दर २५ मिनिटे आला, तर मानकातल्या सूत्राप्रमाणे (२०४ भागिले मिनिटांचे वर्गमूळ) दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ४१ लिटर सोडता येते. म्हणजे चराच्या तळाचे १३ चौ. मीटर लागतात; ६० सेंमी रुंदीचा चर २२ मीटर लांब होतो. दोन तुकडे केले तर त्यांच्यात २ मीटर अंतर ठेवावे लागते. शोषखड्ड्यात भिंतींचे क्षेत्रफळ मोजले जाते, त्यामुळे वरची जागा कमी लागते. पण तो खोल जातो आणि भूजलाला भिडण्याची भीती वाढते.

उतारावर चर समपातळीच्या रेषेत घ्यावा. तीव्र उतारावर मुरलेले पाणी खालच्या बांधातून पाझरून बाहेर येते आणि बऱ्याचदा दुसऱ्याच्या आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) निघते. टाकी मात्र रस्त्याच्या बाजूला बरी, नाहीतर गाळ उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोचत नाही.

भूजल उथळ पण माती पाणी पिणारी असेल, तर भराव घालून त्यात अंशतः वा पूर्णपणे जमिनीवर चर बांधतात. चिकण जमिनीत टाकीपुढे जैविक गाळणी बसवून निघालेले पाणी गटारात किंवा बागेला सोडण्याची मुभा मानक देते. यात खर्च आणि देखभाल दोन्ही वाढतात, म्हणून हा आकडा जमिनीच्या किमतीत धरूनच सौदा करावा.