हॉट हॅचची जन्मकथा: मिनी कूपरपासून गोल्फ जीटीआयपर्यंत

हॉट हॅच म्हणजे मागे वर उचलला जाणारा दरवाजा असलेली छोटी, पण जोमदार आणि वेगवान गाडी. घरच्या वापराची छोटी गाडी वेगातही मोठ्या गाड्यांना मागे टाकू शकते, हे युरोपला पटवून दिले ते ब्रिटिश मिनीने. ॲलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये इंजिन आडवे बसवून आणि पुढच्या चाकांना शक्ती देऊन ही गाडी घडवली. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांनी तिची वळणावरची पकड हेरली आणि १९६१ मध्ये ५५ अश्वशक्तीची मिनी कूपर आली. पुढे कूपर एसने १९६४, १९६५ आणि १९६७ मध्ये मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. तरीही मिनीला हॅचबॅक म्हणता येत नाही, कारण तिला मागे छोटी डिकी होती, काचेसकट वर उचलला जाणारा दरवाजा नव्हता.

हा दरवाजा आणि मिनीचे आडवे इंजिन एकत्र आले ते इटलीत, १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये. मिनीचा गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटाखाली, त्याच तेलात चालत असे. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांनी प्रिमुलामध्ये तो इंजिनाच्या शेजारी नेला. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी हीच आहे, म्हणून या काहीशा विस्मृतीत गेलेल्या गाडीचे ऋण मला फार मोठे वाटते. त्यानंतर फ्रान्समध्ये सिम्का ११०० टीआय आली आणि जोमदार हॅचबॅकची वाट मोकळी झाली.

जर्मनीतील फोक्सवॅगनमध्ये मात्र ही कल्पना वरिष्ठांच्या आदेशातून आलेली नाही. आल्फोन्स लोव्हेनबेर्ग या अभियंत्याने १९७३ मध्ये स्पोर्टी गाडीचा प्रस्ताव सहकाऱ्यांपुढे मांडला, आणि मोजक्या मंडळींनी नेमून दिलेले काम सांभाळून, बराच काळ गुपचूप, त्याचा पाठपुरावा केला. कंपनीचे प्रसिद्धिप्रमुख आंटोन कोनराड यांच्या घरीही त्यांची बैठक झाली. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेली गोल्फ जीटीआय पुढच्या वर्षी विक्रीस आली. कार्ब्युरेटरऐवजी इंधन थेट मोजून फवारणारी बॉशची यांत्रिक प्रणाली, १५८८ सीसीचे इंजिन आणि ११० अश्वशक्ती असा तिचा सरंजाम होता. गाडीचे वजन मात्र जेमतेम ८०० किलोच्या आसपास राहिले, आणि माझ्या मते तिच्या चपळाईचे खरे रहस्य या हलकेपणातच आहे.

आतली सजावट गुनहिल्ड लिल्येक्विस्ट यांच्याकडे होती. चिनी मातीच्या भांड्यांवरील चित्रकामाचे शिक्षण घेतलेल्या या कलाकाराने आसनांना स्कॉटिश चौकड्यांचे कापड लावले आणि गिअरच्या दांड्यावर चक्क गोल्फच्या चेंडूच्या आकाराची मूठ बसवली. बाहेरून ओळख पटावी म्हणून पुढच्या काळ्या जाळीभोवती बारीक लाल पट्टी होती.

त्याच १९७६ साली रेनॉने ९३ अश्वशक्तीची रेनॉ ५ अल्पाईन आणली होती, त्यामुळे पहिलेपणाचा मान एकट्या गोल्फला देणे अन्यायाचे ठरेल. परंतु बाजाराने कौल दिला तो गोल्फला: सुरुवातीला अवघ्या ५,००० गाड्यांचा बेत होता, आणि पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक जीटीआय तयार झाल्या.