रबर आशियात आलं, ब्राझील नट जंगलातच राहिला

सुक्या मेव्याच्या दुकानात हल्ली बदाम-पिस्त्यांच्या शेजारी ब्राझील नटची बरणी दिसते. सेलेनियम या खनिजासाठी रोज एक-दोन खा असं आहारतज्ज्ञ सांगतात आणि लोक पाव किलो बांधून नेतात. बदाम, काजू, अक्रोड बागांतून येतात. जगभर विकला जाणारा ब्राझील नट मात्र आजही जवळपास सगळाच रानात वेचलेला असतो. यामागची गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण तिची सुरुवात एका फुलापासून होते.

झाडाचं शास्त्रीय नाव बर्थोलेशिया एक्सेल्सा. ॲमेझॉनच्या खोऱ्यात, पुराचं पाणी चढत नाही अशा उंचवट्यावरच्या जंगलात ते वाढतं. खोड सरळसोट, राखाडी, उभ्या भेगांचं. अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत एकही फांदी नाही. बाकीच्या झाडांचं छत जिथे संपतं, तिथून याचा डेरा सुरू होतो. 50 मीटरचं झाड म्हणजे सोळा मजली इमारत झाली.

त्याचं फूल आपल्याला इथे पाहता येणार नाही, पण त्याच्या भावकीतलं पाहता येतं. शंकराच्या देवळाच्या आवारात पुष्कळदा कैलासपतीचं झाड असतं. तेही मूळचं दक्षिण अमेरिकेचंच आणि कुळही हेच. आपल्या सह्याद्रीतला कुंभासुद्धा याच कुळातला. कैलासपतीचं खाली पडलेलं फूल हातात घेऊन पाहा: सहा जाड पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचं कडं, आणि त्या कड्याच्या एका बाजूने निघून वर वळलेला फणा. नाग आणि पिंडी म्हणतात ती हीच. कैलासपतीत फणा आणि कडं यांच्यामध्ये मोकळी जागा असते, मधमाशी सहज आत शिरते. ब्राझील नटच्या पिवळसर फुलात मात्र हा फणा खाली दाबून बसलेला असतो, डब्याचं घट्ट झाकण बसावं तसा. मध आतल्या बाजूला. ते झाकण उचलायला अंगात जोर लागतो. लाकूड पोखरणारे भुंगे आणि तशाच दांडग्या रानमाश्या तेवढ्या आत घुसतात आणि परागीभवन होतं. फूल पहाटे उमलतं आणि त्याच दिवशी गळतं. जे काही व्हायचं ते त्या काही तासांत.

फळ पिकायला सव्वा वर्ष लागतं. नारळाएवढं, कधी दोन किलोपर्यंतचं, लाकडासारखं टणक. आत संत्र्याच्या फोडींसारख्या रचलेल्या दहा ते पंचवीस बिया. पावसाळ्यात ही फळं इतक्या उंचीवरून खाली येतात, म्हणून जाणते वेचणारे वाऱ्याच्या दिवशी झाडाखाली जात नाहीत. गंमत अशी की फळाला भोक असतं, पण त्यातून बी बाहेर पडत नाही. ते कुरतडून मोठं करतो अगूटी नावाचा सशाएवढा प्राणी. तो काही बिया खातो, उरलेल्या पुढच्या दिवसांसाठी पुरून ठेवतो आणि त्यातल्या काही विसरतो. विसरलेली बी रुजायला वर्ष-दीड वर्ष घेते. मग रोप सावलीत खुरटून राहतं, वर एखादं झाड कोसळून उजेड मिळेपर्यंत.

माणूस या गोष्टीत फार जुना आहे. ब्राझीलमध्ये मोंते अलेग्रेजवळच्या पेद्रा पिंताडा गुहेत पुरातत्त्वज्ञ ॲना रूझवेल्ट यांना सुमारे 11,000 वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या थरांत या बियांचे अवशेष मिळाले. जंगलात हे झाड काही ठिकाणी दाट राईने उभं दिसतं, आणि या राया जुन्या रहिवाशांनी वाढवल्या असाव्यात असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. आपल्याकडच्या कुमरीसारखी, म्हणजे रान तोडून-जाळून, शेती करून जमीन पडीक सोडली की रोपाला हवा तो उजेड मिळतो, हे पाहिलं तर मलाही ते पटतं.

युरोपीय विज्ञानात झाड आलं ते अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि एमे बोंप्लाँ या निसर्गअभ्यासकांमुळे. 1800 साली ओरिनोको नदीच्या प्रवासात त्यांना हे बी भेटलं, आणि पुढे 1808च्या आसपास त्यांनी झाडाचं वर्णन छापलं. नाव दिलं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्तोले यांचं, क्लोरीनने कापड शुभ्र करण्याची रीत शोधणाऱ्यांचं.

त्याच जंगलातून 1876 साली हेन्री विकहॅमने रबराच्या सुमारे 70,000 बिया लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात नेल्या. तिथली रोपं श्रीलंका आणि मलायात पोचली, मळे उभे राहिले, आणि 1912च्या सुमारास ॲमेझॉनच्या रानरबराचा बाजार कोसळला. हाताला काम उरलं नाही तेव्हा माणसं ब्राझील नटकडे वळली; तोकांतिन्स नदीवरचं माराबा शहर याच व्यापारावर वाढलं. मजूर मालकाकडून धान्य, मीठ, हत्यारं उधारीवर घ्यायचे आणि माल देऊन फेडायचे. ते बहुधा फिटायचं नाही. ऊसतोडीची उचल ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ब्राझील नटचे मळेही लावून पाहिले गेले. झाडं वाढली, फुललीही, पण रान लांब असेल तिथे दांडग्या माश्या कमी आणि फळही कमी. रबराचा चीक काढायला फुलाची गरज नसते. इथे तर सगळा भार फुलावर.

म्हणूनच रबर आणि ब्राझील नट दोन्हींवर जगणाऱ्यांनी जंगल राखायची मागणी केली. त्यांचा ब्राझीलच्या आक्रे राज्यातला नेता शिकू मेंदेस 22 डिसेंबर 1988 रोजी मारला गेला. 1990 साली त्याच्या नावाचं राखीव जंगल झालं, जिथे स्थानिकांनी वेचायचं आणि जंगल उभं ठेवायचं. 1994च्या एका हुकुमाने ब्राझीलने रानातलं ब्राझील नटचं झाड तोडायला बंदी केली.

वेचण्यालाही मर्यादा आहे. कार्लोस पेरेस आणि सहकाऱ्यांनी तीन देशांतल्या 23 ठिकाणच्या झाडांची पाहणी 2003 साली प्रसिद्ध केली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या फार वेचलं गेलं, तिथे म्हातारी झाडं होती, कोवळी जवळपास नव्हती. अगूटीच्या वाट्याला काही उरलंच नव्हतं.

आणि हुकूम झाडापुरताच आहे. ब्राझीलच्या पारा राज्यात गुरांसाठी जंगल जाळून केलेल्या कुरणांत कायद्याने वाचलेली ही झाडं एकेकटी उभी दिसतात. काही आगीच्या धगीने वाळून गेलेली, काही हिरवी. हिरवी अजून फुलतात. भुंगे ज्या रानात राहायचे ते रान तिथे नाही, त्यामुळे फणा न उचललेली फुलं दुपारपर्यंत गवतावर पडलेली असतात.